कंबर मजबूत करायचीय? मग आधी ठरवा, डेडलिफ्ट कोणती मारायची

पोलीस भरतीची चाहूल लागली की तालुक्याच्या जिममध्ये पहाटे पाचपासून पोरांची गर्दी सुरू होते. आजूबाजूच्या पाच-सहा गावांतून दुचाकीवर ट्रिपल सीट येणारी ही पोरं दिवसा शेतात, आडतीवर नाहीतर टेम्पोवर राबतात आणि उरलेल्या वेळात मैदानाची तयारी करतात. त्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार एकच असते, ‘कंबर भरून येते’. मग कोणीतरी मोबाईलवर रील दाखवतो आणि म्हणतो, डेडलिफ्ट मार, कंबर लोखंडासारखी होईल. पहिल्या दिवशी रॉडवर ६० किलो चढतात, तिसऱ्या दिवशी ८०, आणि आठवडा संपायच्या आत पोरगं उसण भरून खाटेवर.

सल्ला चुकीचा नव्हता. कमरेची ताकद वाढवण्यासाठी डेडलिफ्ट हा चांगल्यात चांगल्या व्यायामांपैकी एक आहे. चूक झाली ती निवडीत. डेडलिफ्टचे सात-आठ प्रकार आहेत आणि प्रत्येक प्रकारात कमरेवर येणारा भार वेगळा असतो. ज्याची हमाली, सुगी किंवा भरतीचं मैदान कमरेवर अवलंबून आहे, त्याला ही निवड चुकवणं परवडत नाही. पंधरा दिवस खाटेवर म्हणजे पंधरा दिवसांची मजुरी बुडाली.

कमरेचं काम वाकण्याचं नाही, धरून ठेवण्याचं

जमिनीवर ठेवलेलं वजन दोन्ही हातांनी उचलून सरळ उभं राहणं, म्हणजे डेडलिफ्ट. बघणाऱ्याला वाटतं, कंबर वाकते आणि सरळ होते, म्हणून वजन वर येतं. प्रत्यक्षात वजन वर आणायचं मुख्य काम नितंबाचे आणि मांडीच्या मागचे मोठे स्नायू करतात. वाकणं होतं ते खुब्याच्या सांध्यात. कण्याच्या दोन्ही बाजूंनी दोरखंडासारखे जे स्नायू वर जातात, त्यांचं काम असतं कणा आहे तसा धरून ठेवणं. वजन पाठीला पुढे वाकवू पाहतं आणि हे स्नायू ते होऊ देत नाहीत. या झुंजीतच कंबर मजबूत होते.

पाठीला गोल बाक आला की हे गणित बिघडतं. स्नायूंची पकड सुटते आणि भार मणक्यांना बांधून ठेवणाऱ्या शिरांवर आणि दोन मणक्यांमधल्या गादीवर जातो. गावात ज्याला ‘गादी सरकली’ म्हणतात, ते दुखणं अनेकदा अशाच वाकून उचलण्यातून सुरू होतं. त्यामुळे कोणताही प्रकार निवडताना पहिला प्रश्न एकच : या प्रकारात, एवढ्या वजनाला, पाठ सरळ राहते का?

भरलेल्या कळशीचं गणित

पाण्याने भरलेली कळशी कमरेवर घेतली तर बाई अर्धा कोस चालते. तीच कळशी हात समोर लांब करून धरायला सांगितली, तर पैलवानही दहा आकडे मोजेपर्यंत थकतो. पाणी तेवढंच, कळशी तीच. फरक पडला तो अंगापासूनच्या अंतराचा.

डेडलिफ्टमध्येही हेच होतं. रॉड अंगापासून जितका लांब आणि पाठ जितकी आडवी, तितका कमरेवरचा ताण जास्त. रॉड नडगीला चिकटून वर आला आणि छाती थोडी उंच राहिली, तर ताण कमी. डेडलिफ्टचे सगळे प्रकार या दोन गोष्टींची अदलाबदल करूनच तयार झाले आहेत.

आधी काठीची परीक्षा

वजनाला हात लावण्याआधी घरातली सरळ काठी घ्यावी. ती पाठीवर उभी धरावी, अशी की तीन ठिकाणी टेकेल : डोक्याच्या मागे, दोन खवाट्यांच्या मध्ये आणि माकडहाडावर. आता गुडघे किंचित सैल सोडून बूड मागे न्यायचं आणि पुढे झुकायचं. दोन्ही हातांत बादल्या असताना गोठ्याचं फाटक बुडाने ढकलून लावतात, अगदी तीच हालचाल. तिन्हीपैकी एक जरी जागा काठीपासून सुटली, तरी पाठ वाकली असं समजावं.

ज्याला काठी न सुटता हात गुडघ्याखाली नेता येत नाहीत, त्याने जमिनीवरून रॉड उचलायची घाई करू नये. आठवडाभर ही काठीची हालचाल रोज दहा-पंधरा वेळा करावी. बहुतेकांना तेवढ्यात अंदाज येतो.

कोणता प्रकार काय करतो?

रोमानियन डेडलिफ्ट : यात सुरुवात वरून होते. रॉड हातात घेऊन सरळ उभं राहायचं, गुडघे किंचित सैल, आणि रॉड मांडीवरून घासत खाली न्यायचा. नडगीच्या मध्यापर्यंत किंवा पाठ वाकायला लागेल त्याच्या थोडं आधी थांबायचं आणि वर यायचं. रॉड जमिनीवर टेकत नाही, म्हणून कमरेच्या स्नायूंना मध्ये सुट्टी मिळत नाही. वजन कमी लागतं, काम जास्त होतं. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेला रोमानियाचा वेटलिफ्टर निकू व्लाड हा व्यायाम करायचा, त्यावरून अमेरिकेत हे नाव रूढ झालं असं सांगितलं जातं. नवख्यांसाठी सुरुवात करायला हाच प्रकार सर्वात सोयीचा. रॉड शक्यतो मांडीच्या उंचीच्या स्टँडवरून उचलावा.

ठोकळ्यांवरची डेडलिफ्ट : रॉडच्या दोन्ही बाजूंच्या प्लेटांखाली लाकडी ठोकळे ठेवून रॉड गुडघ्याच्या जरा खाली येईल इतका उंच घ्यायचा. खाली कमी वाकावं लागतं, म्हणून पाठ सरळ ठेवणं सोपं जातं. दर दोन आठवड्यांनी ठोकळ्याची उंची कमी करत जमिनीकडे यायचं. यात एक धोका आहे. उंचीवरून वजन जास्त उचलतं, आणि मित्रांसमोर प्लेटा वाढवायचा मोह होतो.

साधी डेडलिफ्ट : पाय खांद्यापेक्षा थोडे आत, हात पायांच्या बाहेर, रॉड पावलाच्या मध्यावर. जमिनीवरून उचलायचं आणि परत जमिनीवर ठेवायचं. पाठ बरीच पुढे झुकलेली असते, त्यामुळे कमरेला भरपूर काम मिळतं. पोतं उचलण्याची ताकद वाढवायला हा प्रकार उपयोगी, पण काठीची परीक्षा पास झालेल्यांसाठीच.

सुमो डेडलिफ्ट : पाय फाकवलेले, बोटं बाहेरच्या बाजूला, हात पायांच्या मध्ये. पाठ जास्त उभी राहते आणि काम मांड्यांकडे जातं. कॅनडातील वॉटरलू विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९१ मध्ये पॉवरलिफ्टिंगच्या खेळाडूंचा अभ्यास केला होता. त्यात सुमो पद्धतीत कमरेच्या मणक्यावर येणारा वाकवणारा जोर साध्या पद्धतीपेक्षा सरासरी १० टक्के कमी आढळला. पाय लांब आणि हात आखूड असलेल्यांना साध्या पद्धतीत फार वाकावं लागतं. त्यांना सुमो जमते.

ट्रॅप बार डेडलिफ्ट : हा षटकोनी चौकटीसारखा रॉड असतो. माणूस चौकटीच्या आत उभा राहतो आणि मुठी दोन्ही बाजूंना असतात. वजन पुढे न राहता अंगाच्या रेषेत येतं, म्हणजे कळशी कमरेवर घेतल्यासारखं. तालुक्याच्या जिममध्ये हा रॉड क्वचित दिसतो. त्याची बरीचशी गरज दोन डंबेल भागवतात. घरी असाल तर मुठीचे दोन कॅन पुरतात. २० लिटरचा कॅन पाण्याने भरला की २० किलो होतो, दोन्ही हातांत मिळून ४०. कॅन पावलांच्या दोन्ही बाजूंना, पाटावर किंवा ठोकळ्यावर ठेवून उचलावेत.

एका पायावरची डेडलिफ्ट : एका पायावर उभं राहून दुसरा पाय मागे नेत पुढे झुकायचं. हातात ५ ते १० किलोचं डंबेल पुरे. कमरेवर एकूण भार कमी, पण डावी-उजवी बाजू समान होते आणि तोल सुधारतो. धावण्याची तयारी करणाऱ्या मुला-मुलींना याचा चांगला उपयोग होतो.

ताठ पायांची आणि खड्ड्यातली डेडलिफ्ट : पहिलीत गुडघे जवळपास सरळ ठेवतात. दुसरीत पाटावर उभं राहून रॉड आणखी खालून उचलतात. दोन्हींत कमरेवर सर्वाधिक ताण येतो. वर्षभर तरी नियमित व्यायाम केलेल्यांनी, तोही हलक्या वजनाने, यांच्या वाटेला जावं.

लहान प्लेटांचा चकवा

गावाकडच्या जिममध्ये एक गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटांचा व्यास ४५ सेंटीमीटर असतो. त्यामुळे रॉड जमिनीपासून साधारण साडेबावीस सेंटीमीटर, म्हणजे अंदाजे एक वीत उंच राहतो. रीलमधला माणूस या उंचीवरून उचलत असतो. आपल्याकडच्या १० किलोच्या लोखंडी प्लेटा लहान असतात आणि रॉड वीतभरही उंच राहत नाही. म्हणजे पोरगं समजतं की साधी डेडलिफ्ट मारतोय, आणि प्रत्यक्षात तो खड्ड्यातली, सर्वात अवघड डेडलिफ्ट मारत असतो. पहिल्याच दिवशी पाठ गोल होते ती इथे.

उपाय फुकटचा आहे. दोन्ही बाजूंच्या प्लेटांखाली सारख्या उंचीचे भक्कम लाकडी ठोकळे किंवा जुने टायर ठेवावेत आणि रॉड किमान वीतभर उंच घ्यावा. विटा वापरू नयेत, वजन आदळलं की फुटतात. रोमानियन प्रकारात रॉड जमिनीवर टेकतच नाही, म्हणून लहान प्लेटांचा त्रास होत नाही. गावच्या जिममध्ये तिथून सुरुवात करण्याचं हे आणखी एक कारण.

रॉडचं स्वतःचं वजनही मोजून घ्यावं. स्पर्धेचा रॉड २० किलोचा असतो, पण स्थानिक जिममधले रॉड त्यापेक्षा हलके-भारी असतात. धान्याच्या काट्यावर एकदा ठेवला की शंका राहत नाही.

कोणी काय निवडावं?

• पहिल्यांदाच सुरुवात करणारे : काठीची हालचाल, मग रोमानियन.

• पोती, क्रेट, गोण्या उचलणारे : रोमानियन पक्की झाल्यावर ठोकळ्यांवरची, आणि शेवटी साधी.

• पोलीस भरतीवाले : रोमानियन आणि एका पायावरची. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर धावणे, मुलींना ८०० मीटर धावणे आणि दोघांनाही १०० मीटर धावणे व गोळाफेक असते. डेडलिफ्टला गुण नाहीत. त्यामुळे मोठ्या आकड्याच्या मागे लागून कंबर धरून बसण्यात काहीच हशील नाही.

• पूर्वी कंबर दुखलेले, पण आता बरे असलेले : डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारून दोन कॅनची किंवा सुमो, हलक्या वजनाने.

• खुरपणी, भातलावणी करणाऱ्या महिला : दिवसभर वाकून काम असल्याने कमरेचे स्नायू आधीच थकलेले असतात. कामाचा हंगाम नसताना दोन कॅनची आणि हलकी रोमानियन करावी. डेडलिफ्ट पुरुषांचाच व्यायाम आहे, हा गैरसमज सोडून द्यावा. गरोदर असल्यास किंवा बाळंतपणाला थोडेच महिने झाले असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

• रक्तदाबाचा, हृदयाचा त्रास असलेले किंवा हर्नियाचं ऑपरेशन झालेले : जड वजन उचलताना श्वास कोंडला जातो आणि रक्तदाब एकदम चढतो. डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय सुरुवात करू नये.

किती आणि कधी?

आठवड्यातून दोन दिवस पुरेसे आहेत, आणि त्या दोन दिवसांत किमान दोन दिवसांचं अंतर असावं. पहिले चार आठवडे फक्त रोमानियन, रिकाम्या रॉडपासून सुरू करून, ८ ते १० वेळांचे ३ सेट. पुढचे चार आठवडे एक दिवस रोमानियन आणि एक दिवस ठोकळ्यांवरची, ५ वेळांचे ३ सेट. त्यानंतर पाठ सरळ राहत असेल तरच वीतभर उंचीवरून साधी.

वजन आठवड्याला दोन्ही बाजू मिळून ५ किलोपेक्षा जास्त वाढवू नये. ‘अजून दोनदा उचलता येईल’ असं वाटतं, तिथेच सेट थांबवावा. शेवटचे दोन ओढून-ताणून काढताना पाठ गोल होते आणि महिनाभराची कमाई जाते. मोबाईल बाजूला टेकवून एक सेट आडव्या बाजूने शूट करावा. आरशात समोरून पाठ दिसत नाही, व्हिडिओत दिसते.

पहाटेच्या मंडळींसाठी एक महत्त्वाची गोष्ट. रात्रभर आडवं झोपल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात आणि उठल्या उठल्या वाकताना त्यांच्यावर जास्त ताण येतो. म्हणून उठल्यावर किमान तासभर जड डेडलिफ्ट करू नये. आधी धावण्याचा सराव, मग वजन. ज्या दिवशी ट्रॅक्टर-ट्रॉली भरली किंवा दिवसभर कांद्याच्या गोण्या उचलल्या, त्या दिवशी कमरेचा व्यायाम झालाच, असं धरावं आणि जिमला सुट्टी द्यावी.

या चुका टाळा

रॉड झटका मारून उचलू नये. आधी हात ताणून रॉडची ढील काढावी, मग पायांनी जमीन दाबत वर यावं. पोटावर कोणी बुक्की मारणार आहे असं समजून पोट घट्ट करावं. वर आल्यावर मागे वाकून छाती फुगवू नये, सरळ उभं राहिलं की पुरे. जाड, मऊ तळाचे धावण्याचे बूट घालू नयेत, त्यात पाऊल डगमगतं. सपाट तळाची चप्पल घसरते, त्यापेक्षा कॅनव्हासचे बूट बरे. कमरेचा पट्टा पोटाला आधार देतो, वाकलेली पाठ सरळ करत नाही. सुरुवातीचे काही महिने पट्ट्याविनाच करावं.

उसण भरली तर?

कधी काळजी घेऊनही चमक निघते. अशा वेळी व्यायाम लगेच थांबवावा. साधी उसण बहुतेक वेळा काही दिवसांत कमी होऊ लागते आणि काही आठवड्यांत जाते. या काळात आठ-आठ दिवस खाटेला खिळून राहू नये. दुखणं वाढणार नाही इतपत चालत-फिरत राहिल्याने कंबर लवकर मोकळी होते. पायाळू माणसाकडून कमरेवर लाथ मारून घेणं किंवा पाठीवर कोणाला चालायला लावणं हे प्रकार टाळावेत. आत गादीला इजा झालेली असेल, तर त्याने दुखणं वाढू शकतं.

पुढील लक्षणं दिसली तर मात्र घरी थांबू नये :

• कळ कमरेतून गुडघ्याखाली पायात उतरणं, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा येणं, पाऊल उचलताना ते लुळं पडणं. यात डॉक्टरांना लवकर दाखवावं.

• लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, जांघेचा व बैठकीचा भाग बधिर होणं. यात त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठा दवाखाना गाठावा. नसा दबल्या असतील तर उशीर झाल्यास कायमचं अपंगत्व येऊ शकतं.

• पडल्यानंतर, अपघातानंतर किंवा तापासोबत कंबर दुखणं.

पोत्यापर्यंत पोचली पाहिजे ताकद

जिममधल्या रॉडला मूठ असते, पोत्याला नसते. युरियाची गोणी ४५ किलोची, डीएपीची ५०, सिमेंटचीही ५०. जिममध्ये शिकलेली हालचाल गोणीजवळ विसरली तर सगळी मेहनत वाया. गोणीच्या अगदी जवळ पाय रोवावेत, बूड मागे न्यावं, गोणी अंगाला चिकटवावी आणि मगच उठावं. उचलून वळायचं असेल तर कमरेतून पिळा न मारता पावलं फिरवावीत. दुसरा माणूस जवळ असेल तर एकट्याने उचलायची मर्दुमकी दाखवू नये.

तालमीतले वस्ताद नवख्या पोराला पहिल्याच दिवशी जड दगडी नाल उचलू देत नसत. आधी जोर-बैठका, मग हळूहळू वजन. जिममध्येही क्रम तोच आहे : काठी, रोमानियन, ठोकळे, आणि मग जमीन. हा क्रम पाळायला तीन महिने जातात. तीन महिन्यांनी सुगीत गोणी उचलताना कंबरेने कुरकुर केली नाही, म्हणजे निवड बरोबर झाली.